‘लीथल’ या शब्दाखालचं वाक्य

७ जून

प्रिय ताई,

फोन उचलत नाहीस, निरोपाला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. काय झालं ते भाऊजींनी सांगितलं. त्यांच्यावर चिडू नकोस. मीच खोदून खोदून विचारलं तेव्हा ते बोलले, आणि तेही तू आतल्या खोलीत काचा घासत होतीस म्हणून.

जवळचं वाचून बघायचं तुझ्या चष्म्याच्या दुकानातलं कार्ड फाटलं, म्हणून तू माझा कोश काउंटरवर ठेवलास म्हणे. नवा चष्मा चढवला की गिऱ्हाइकाने कोशाचं कुठलंही पान उघडायचं आणि बारीक टाइप वाचून दाखवायचा. वर तू सांगायचीस, ‘माझ्या भावाने केलाय हो, शाळांनाही लागलाय.’ हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. इंग्रजी-मराठी कोशाचं इतकं चोख काम दुसऱ्या कुणी करून घेतलं नसेल. आणि मग त्या निवृत्त शिक्षिकाबाई आल्या, त्यांनी नेमकं ‘लीथल’चं पान उघडलं आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: ‘थोरल्या मुलीने नकळत आईला औषधाची प्राणघातक मात्रा दिली.’

तू त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेतलास आणि आत निघून गेलीस. बाई बिचाऱ्या आंधळ्यासारख्या बसून राहिल्या.

ताई, अगं, ते उदाहरण आहे. कोशात शब्दाचा अर्थ दिला की त्याखाली तो वापरून दाखवावा लागतो. थोरली मुलगी काय घरोघरी असते. आई घरोघरी असते. औषधही असतंच. तू त्यात स्वतःला का शोधलंस? राईचा पर्वत करायची तुझी जुनी खोड आहे. लहानपणी मी तुझ्या वेणीला उंदीर म्हटलं तेव्हा तू चार दिवस केस मोकळे ठेवून हिंडली होतीस.

‘लीथल’ हा शब्द तसा सरळ आहे. ज्याच्या अंगी जीव घ्यायची ताकद आहे ते लीथल. विष, शस्त्र, विजेचा झटका. पण इंग्रजीत हा शब्द सगळ्यात जास्त बसतो तो मात्रेशेजारी, औषधाच्या नाहीतर विषाच्या. म्हणून मात्रेचं वाक्य घेतलं. ‘विष प्राणघातक असते’ असं लिहिलं असतं तर ते खरं असूनही मेलेलं वाक्य झालं असतं. ते वाचून कुठल्याही मुलाला शब्द वापरता आला नसता. एवढंच आहे ते. मनाने जुळवलेलं एक वाक्य.

माझी छकुली हा शब्द कशालाही लावते. काल तिच्या आईने केलेल्या कडू कॉफीला ‘लीथल’ म्हणाली. कोशकाराच्या घरात ही तऱ्हा! तेवढ्यावरून तिची आई चिडली नाही. तूही राग सोड आणि फोन उचल.

तुझा,
शब्दकिडा

१५ जून

प्रिय ताई,

पार्सल मिळालं. मला वाटलं, चिठ्ठी असेल. चिठ्ठी नव्हती. माझाच कोश होता आणि त्या पानात तुझ्या दुकानातला चष्मा पुसायचा पिवळा फडका, खुणेला. भाऊजींचा फोनही येऊन गेला. ते म्हणाले, ‘ती एकच गोष्ट विचारतेय. त्याला हे कुठून कळलं? ती म्हणते, मी कुणाजवळ बोलले नव्हते.’

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं, वाक्य मनाने जुळवलं. ते खोटं होतं. तुला माझा शिरस्ता ठाऊक आहे. कोशात एकही वाक्य हवेतलं नको, असं मी पहिल्या दिवशीच प्रकाशकाला सांगितलं होतं. जुन्या कोशांत राजे सिंहांना मारतात आणि माळी फुलं खुडतात. असं कोण बोलतं? माझं प्रत्येक उदाहरण घडलेलं असतं. इंग्रजी शब्द सोड, तुझ्यासाठी त्यांचे मराठी अर्थच लिहितो. ‘हट्टी’ खाली तुझी भावजय आहे, ‘घोरणे’ खाली भाऊजी आहेत, आणि ते वाचून आपण सगळे पोट धरून हसलो होतो. तू तर म्हणाली होतीस, ‘आमचं घर इंग्रजी शिकतंय.’

म्हणून आता खरं सांगतो. आई गेली त्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी आईचे डोळे मिटवले, मग तू त्यांना खिडकीपाशी घेऊन गेलीस. मी गरम पाण्याचं पातेलं घेऊन दाराशी आलो होतो. तू म्हणालीस, ‘बाई, काल झोपेचं औषध माझ्या हातून दोनदा दिलं गेलं. आई म्हणाली दिलंच नाहीस, म्हणून मी परत दिलं.’ ते ऐकलं आणि मी पातेलं घेऊन मागे फिरलो. पाणी मोरीत ओतलं. तिथेच बराच वेळ उभा होतो.

मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझ्या हातून चूक झाली होती, मुद्दाम काही नव्हतं. आई आजारी होती, तू थकली होतीस, आणि मी? मी त्या महिन्यात परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. तुला बोल लावायचा मला काय अधिकार? मी मनात किंतु ठेवला नाही. मी तुला केव्हाच माफ केलं होतं, ताई. हे तुला कधी म्हणायची वेळ यावी असं वाटलं नव्हतं, पण आता म्हणतो.

आणि मनात किंतु असता तर छकुलीला तुझ्याकडे ठेवलं असतं का? आठवतं ना, आपली आई गेल्यावर पुढे छकुलीच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा ती जवळजवळ महिनाभर तुझ्याकडे होती. जेवण तुझ्या हातचं, न्हाणं तुझ्या हातचं, झोपणं तुझ्या कुशीत. तिला तेव्हा खोकल्याचं औषध चालू होतं, तर मी रोज संध्याकाळी बस बदलून तुझ्याकडे यायचो आणि चमचाभर पाजून परत जायचो. दमलेला असलो तरी एक दिवस चुकवला नाही. इतका जीव होता माझा तुमच्या दोघींवर.

तेव्हा तू स्वतःला खात बसू नकोस. तुझ्या मनावर इतकी वर्षं जे ओझं असेल ते आता दोघांनी वाटून घेऊ. पुढच्या आवृत्तीत वाक्य बदलतो. झालं?

तुझाच,
धाकटा

२८ जून

ताई,

मागचं पत्र तुला पोहोचलं असेल. पोहोचू नये असं आता वाटतं. पोस्टात जाऊन विचारलंही, परत मिळेल का म्हणून. पोस्टातला माणूस हसला.

झालं असं. प्रकाशकाचा निरोप आला की दुसरी आवृत्ती छापायला घेतोय. एखाददुसरी ओळ बदलायची तर बदला, पण तेवढ्याच जागेत बसली पाहिजे, नाहीतर पुढची सगळी पानं सरकतील. मी ‘लीथल’ काढून बसलो. सवयीने आधी जुनं वाक्य तपासायला घेतलं. आमच्या कामात एक पद्धत आहे: वाक्य काढून टाकायचं असलं तरी ते का चुकलं हे आधी ठरवायचं, म्हणजे तीच चूक दुसरीकडे असेल तर सापडते.

या शब्दाला एक जुळा भाऊ आहे, ‘फेटल’. मुलं दोन्ही एकच समजतात. ‘फेटल’ म्हणायला मेलेलं माणूस लागतं. अपघात फेटल होता, म्हणजे त्यात कुणीतरी गेलं. ‘लीथल’ म्हणायला तसं कुणी मरायची गरज नाही, पण मोजमाप लागतं. एवढ्या विषाने माणूस मरतो, हे आधी ठाऊक असावं लागतं, तरच त्याला लीथल म्हणता येतं. हा फरक मी स्वतः कोशात चौकट घालून समजावलाय. त्या चौकटीचं दोन प्राध्यापकांनी कौतुकही केलंय.

आणि माझ्या लक्षात आलं की मी मोजमाप कधी घेतलंच नव्हतं. तू औषध दोनदा दिलंस, एवढं मी ऐकलं. त्या औषधाचे दोन चमचे म्हणजे किती, त्याने काय होतं, हे मी कुणालाही विचारलं नाही. एका शब्दाचा अर्थ पक्का करायला मी तीन-तीन माणसांना गाठतो. सुताराकडे जाऊन रंधा धरून पाहिलाय मी, ‘प्लेन’ या शब्दासाठी.

म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या आता दवाखान्यात बसत नाहीत. गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला वाटलं त्यांना आठवणार नाही, पण मी नुसतं ‘आईचं ते शेवटचं औषध’ म्हणालो आणि त्यांनी झारी खाली ठेवली.

‘कोणी सांगितलं तुम्हाला, त्याने गेल्या म्हणून?’

मी म्हटलं, कोणी नाही.

‘ते औषध मी अगदी हलकं दिलं होतं. तुमच्या आईचं हृदय थकलं होतं, मी तुम्हाला दोघांनाही महिनाभर आधी सांगितलं होतं की आता दिवसांचा प्रश्न आहे. दोनदा काय, चारदा दिलं असतं तरी थोड्या जास्त झोपल्या असत्या, इतकंच. हे मी तुमच्या ताईंना तिथेच, खिडकीपाशी सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. रडल्या, आणि मोकळ्या झाल्या.’ मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुम्ही तेव्हा नव्हता का घरात?’

होतो, बाई. मोरीत होतो.

ताई, तू वाक्याचा पूर्वार्ध बोललीस आणि मी पाठ फिरवली. उत्तर पुढच्याच श्वासात आलं होतं. पातेलं हातात धरून जरा उभा राहिलो असतो तर ऐकू आलं असतं. अर्धवट ऐकून मी पुरता निकाल दिला. आणि वर तुला लिहितो, मी तुला माफ केलं! कशाची माफी? कुणी मागितली होती? तुझ्या मनावर ओझंच नव्हतं. ते माझ्या मनात होतं आणि मी ते छापून तुझ्या काउंटरवर नेऊन ठेवलं.

आणखी एक कबूल करायचं आहे. इतर वाक्यं मला शोधावी लागली. ‘हट्टी’साठी मी दोन दिवस घालवले. या शब्दाशी आलो तेव्हा वाक्य शोधावं लागलं नाही. ते तयार होतं, जिभेवर होतं, फक्त उतरवलं. ते मनात कुठे आणि कधीपासून होतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. किंतु ठेवला नव्हता म्हणे.

मला लाज वाटते, ताई. दुसरा शब्द मला येत नाही.

पुस्तकांच्या दुकानांतून जाऊन त्या ओळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दुकानदाराने हात धरला. ‘साहेब, पट्टी दिसली की लोक खाली काय आहे तेच आधी बघतात.’

धाकटा

१२ जुलै

ताई,

परवा तुझ्या दुकानात जे झालं त्यावर तू काही बोलणार नाहीस हे दिसतंय. मी लिहितो. वाचायचं की नाही ते तू ठरव.

मला खरोखरच चष्मा हवा होता. बारीक टाइप धूसर दिसतो हल्ली, दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं वाचता येत नव्हती. पण शहरात चष्म्याची दुकानं काही कमी नाहीत, आणि हे तुलाही ठाऊक होतं. भाऊजी मला बघून पटकन चहा सांगायला बाहेर पळाले, ते परत आलेच नाहीत. तू खुर्चीकडे बोट दाखवलंस. ती जड गोल फ्रेम माझ्या नाकावर चढवलीस आणि एकेक काच घालत गेलीस. आता बरं, की आता? ही, की ही? तुझी बोटं माझ्या कानांना लागत होती. लहानपणी माझे कान पुसायचीस तशीच, थंड. मला रडू येईल असं वाटत होतं आणि त्या फ्रेममध्ये रडताही येत नाही.

मग तू जवळचं बघायला पुस्तक दिलंस. मला वाटलं कार्ड असेल नवं. कोश होता. म्हणजे मला परत केलास त्यानंतर तू दुसरी प्रत विकत आणलीस. पान तूच उघडून दिलंस.

‘वाच.’

मी मनात वाचलं आणि म्हटलं, दिसतंय.

‘मोठ्याने वाचायचं असतं इथे. सगळे वाचतात.’

मी वाचलं. पहिल्यांदा नुसतं पुटपुटलो. तू म्हणालीस, पुन्हा. मी पुन्हा वाचलं, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. बाकावर बसलेला एक गृहस्थ पेपरमधून डोकं वर काढून बघत होता. अक्षर न् अक्षर स्पष्ट दिसत होतं, ताई. तू नंबर अगदी बरोबर काढला होतास.

मी सगळं बोलायचं ठरवून आलो होतो. डॉक्टरीणबाई, मोरी, अर्धं वाक्य. तू हात वर केलास. ‘ते पत्रात वाचलं,’ म्हणालीस. तुझ्या आवाजात राग नव्हता. असता तर मला तो ओळखीचा वाटला असता. मग काचा एकेक काढून डबीत ठेवताना, माझ्याकडे न बघता बोललीस.

‘छकुलीचं औषध.’

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. मी म्हटलं, काय छकुलीचं औषध?

‘रोज बस बदलून यायचास. पावसातसुद्धा. मी म्हणायचे, अरे, बाटली ठेवून जा, मी पाजते. तू हसून टाळायचास. मला वाटायचं, बापाची माया. सगळ्या शेजारणींना सांगायचे मी, असा बाप बघितला नाही म्हणून. तू परत जाताना बाटली पिशवीत घालून न्यायचास, तेही मला मायाच वाटायची.’ शेवटची काच तू डबीत ठेवलीस. ‘जेवण माझ्या हातचं चाललं. न्हाणं चाललं. तूच लिहिलंयस.’

तू बिलाचं पुस्तक पुढे ओढलंस, माझं नाव आडनावासकट लिहिलंस, जसं अनोळखी माणसाचं लिहितात, आणि कागद फाडून दिलास.

‘आठवड्याने या,’ म्हणालीस.

‘या’ म्हणालीस. मी पाळण्यात असल्यापासून तू मला ‘ये’ म्हणत आलीस.

घरी येऊन बसलो. ते वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, माझ्या मोठेपणाचा पुरावा म्हणून. हात दाखवून अवलक्षण. तुझ्याइतकं नीट कुणी माझं पत्र वाचलं नसतं. आणि खरं सांगू? तू म्हणेपर्यंत मला माहीत नव्हतं. बाटली का घेऊन जातो हे मी स्वतःशी कधी बोललोच नव्हतो. मलाही ती मायाच वाटत होती. हे सुटकेसाठी लिहीत नाही. उलट, ठाऊक असून केलं असतं तर कधीतरी थांबलो तरी असतो.

काल छकुलीला ताप आला. एक क्षण मनात आलं की तिला तुझ्याकडे पाठवावं, औषधाची बाटली तिच्या हातात देऊन, म्हणजे तुला समजेल. पिशवीही काढली. मग लाजेने परत ठेवली. माझं चुकलं हे दाखवायला मी पुन्हा तुझा आणि त्या पोरीचा वापर करणार होतो. तेही एक उदाहरणच झालं असतं. तिला सांगितलं मात्र सगळं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग आत्याकडे मी कुठल्या तोंडाने जायचं?’ मी औषधाचा चमचा पुढे केला. ती तापात भिंतीकडे तोंड करून झोपली आणि माझ्या हातचं औषध तिनेही घेतलं नाही. आईला हाक मारली.

भाऊजींकडून तुझा निरोप मिळाला: दुसऱ्या आवृत्तीत तुझ्याबद्दल एकही वाक्य नको, चांगलंसुद्धा. त्याप्रमाणे सगळी पानं चाळली. तू इतक्या ठिकाणी आहेस याची मलाच कल्पना नव्हती. ‘बहीण’ खाली तू नाहीस, तिथे मी कुणा दुसऱ्याची घेतली होती. पण ‘उसवणे’ खाली तू माझी शाळेची चड्डी शिवते आहेस. ‘अंधूक’ खाली एका म्हाताऱ्याला त्याच्या नातीचा चेहरा पहिल्यांदा नीट दिसतो, तो तुझ्याच दुकानात. ‘विश्वास’ खालीही तू आहेस. काय लिहिलंय ते इथे उतरवत नाही. ती ओळ आधी काढली. तेवढ्याच जागेत बसतील अशी दुसरी वाक्यं घातली. राजे, सिंह, माळी. कोश आता त्या जुन्या कोशांसारखा झालाय.

‘लीथल’ खाली मात्र काही घातलं नाही. अर्थ ठेवला, मोजमापाची चौकट ठेवली आणि उदाहरणाची ओळ कोरी सोडली. प्रकाशक म्हणाला, लोक छपाईची चूक समजतील. समजू देत.

पावती जपून ठेवली आहे. आठवड्याने येतो. तू ‘या’ म्हणालीस तरी येतो. खुर्चीवर बसवशील तिथे बसेन आणि जे पान उघडून देशील ते वाचेन, मोठ्याने, बाकावर कुणीही बसलेलं असो. या वेळी तू सांगेपर्यंत दारातून मागे फिरणार नाही.

तुझं एक गिऱ्हाईक